विहीणबाईंची तालीम

हिवाळी अधिवेशन तोंडावर आलं की नागपुरात दोन गोष्टींना भाव येतो, संत्र्यांना आणि ओळखींना. 'खुलं पाणी मंच' या संस्थेच्या कचेरीत संत्री भरपूर होती. ओळखींचा मात्र खडखडाट होता. म्हणून यंदा मंचानं एक आमदार घरीच तयार केला.

आमदार म्हणजे आमदारबाई. पळसगडच्या हेमलताताई कापगते. तीनदा निवडून आलेल्या, सत्ताधारी पक्षाच्या, आणि 'तलावपृष्ठ सौरऊर्जा विधेयक' ज्या समितीनं तपासलं तिच्या अध्यक्ष. पूर्व विदर्भात जुन्या काळी बांधलेले शेकडो तलाव आहेत. त्या तलावांवर या काठापासून त्या काठापर्यंत विजेचे तरंगते तराफे अंथरायचे, असं ते विधेयक. काही तालुक्यांत प्रयोग म्हणून ते आधीच अंथरलेही होते. मंचाचं म्हणणं एवढंच होतं की निम्म्याहून जास्त पाणी झाकू नका. अख्खं पाणी झाकलं की खाली ऊन पोचत नाही. ऊन नाही तर पाणवनस्पती नाहीत, त्या नाहीत तर पाण्यात प्राणवायू नाही, आणि मग मासे, शिंगाडा, हिवाळ्यात उतरणारी बदकं, सगळ्यांचाच कारभार आटोपतो. ही दुरुस्ती विरोधकांनी मांडली असती तर तिचा रद्दीचा कागद झाला असता. हेमलताताईंनी मांडली तर मंत्री मान डोलावणार होते. तेव्हा पटवायचं होतं एकाच माणसाला, आणि ते माणूस मंचाला उभं करत नव्हतं.

मंचाच्या अबरारनं त्यावर 'तालीम' काढली. अबरार आधी एका विमा कंपनीत यंत्रांना गोड बोलायला शिकवायचा. तिथून कंटाळून तो मंचात आला होता आणि आता यंत्राला भांडायला शिकवत होता.

"सभागृहात माणूस जे बोलतो ते सगळं लिहून ठेवलेलं असतं," त्यानं पहिल्या दिवशी सगळ्यांना समजावलं. "हेमलताताईंची तीन कारकिर्दींची भाषणं मी यंत्राला दिली. यंत्र ती पाठ करत नाही. प्रत्येकाच्या बोलण्याला एक चाल असते. कशावर आवाज चढतो, कुठे विषय बदलतो, कोणत्या शब्दापाठोपाठ कोणता येतो, ती चाल यंत्र शिकतं. मग तुम्ही नवा प्रश्न विचारलात तरी ते त्या चालीनं उत्तर देतं. अट एकच. माणूस आयुष्यात जे कधी बोललंच नाही, ते यंत्राकडून निघणार नाही."

पडद्यावर चेहरा नव्हता, नुसता आवाज होता. पण तो इतका हुबेहूब होता की मंचाचे पेठकर वकील खुर्चीवरून उठून उभे राहिले. पेठकर वकिलांनी तीस वर्षं पर्यावरणाचे खटले चालवले होते. त्यातले बरेच अजून चालू होते. त्यांनी घसा साफ करून दुर्मीळ पक्ष्यांची यादी वाचायला घेतली.

"वकीलसाहेब," आवाज मध्येच म्हणाला, "तुमच्या यादीत चाळीस पक्षी आहेत. माझ्या मतदार यादीत त्यातला एकही नाही. पुढे बोला."

वकिलांनी यादीची घडी करून खिशात घातली. कचेरीनं यंत्राचं नाव ठेवलं तालीमबाई.

रोज सकाळी प्रत्येकानं तालीमबाईंसमोर बसायचं आणि आपला मुद्दा मांडून हरायचं, असा परिपाठ पडला. हरण्याची गोडी लागलेली ही बहुधा राज्यातली एकमेव संस्था असावी. फक्त एकच व्यक्ती त्या खुर्चीत बसायचं टाळत होती. मंदाकिनी लांजे, म्हणजे मंदाताई.

मंदाताई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. मंचाचे सगळे आकडे त्यांच्या जिभेवर. माहितीच्या अधिकारात इतके अर्ज केलेले की काही कचेऱ्यांत त्यांचं अक्षर पाहूनच लोक रजेवर जात. आणि मुख्य म्हणजे हेमलताताई कापगते त्यांच्या सख्ख्या विहीणबाई होत्या. मंदाताईंची तेजल मागच्या वर्षी हेमलताताईंच्या प्रणयला दिली होती.

"अहो, मग एवढं यंत्र कशाला? तुम्हीच एक फोन करा की," असं पेठकर वकील आठवड्यातून एकदा म्हणत.

"खासगी संबंध सार्वजनिक कामात आणू नयेत," असं मंदाताई तेवढ्याच नियमानं सांगत. वाक्य तत्त्वाचं होतं. कारण साधं होतं. लग्नाच्या मांडवातून हेमलताताई न जेवता उठून गेल्या होत्या आणि तेव्हापासून दोघींमध्ये बोलणं नव्हतं.

लग्न मंदाताईंच्या पद्धतीनं झालं होतं. पत्रिकेवरच छापलं होतं, 'आहेर नको. ताट-वाटी सोबत आणावी.' वधूपक्ष सरावलेला होता, तो ताटं घेऊन आला. वरपक्षात आमदारबाईंचे कार्यकर्ते होते; ते फटाके घेऊन आले. तरी सगळं निभावलं. पंगती उठल्या, शेवटी विहिणींची पंगत बसायची वेळ झाली, आणि विहिणीचा मान म्हणून मंदाताईंनी दिलेली साधी सुती साडी हातात धरून हेमलताताई उठल्या, "माझं बीपी वाढलंय" म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. मंदाताईंनी त्या दिवशी एकच निष्कर्ष काढला. साडी रेशमी हवी होती. वर्षभर तो निष्कर्ष त्यांच्या छातीवर बसून होता. आमदार असली म्हणून काय झालं, एका साडीसाठी? असा त्यांचा राग. आणि घ्यायला हवी होती का रेशमी? अशी त्यांची रुखरुख. दोन्ही एकाच वेळी चालू.

तेजल मधल्यामध्ये अडकली होती. ती माहेरी आली की सासरच्या गोष्टी गिळायची आणि सासरी गेली की माहेरच्या. पोरगी बोलताना अडखळायला लागली आहे, हे मंदाताईंना विधेयकापेक्षा जास्त बोचत होतं. तसं त्या बोलून दाखवत नव्हत्या, कारण ते कोणत्या तक्त्यात बसत नव्हतं.

एके दुपारी कचेरीत कुणी नव्हतं. मंदाताई तालीमबाईंसमोर बसल्या.

"नमस्कार. मी मंदाकिनी लांजे."

"बोला, काय काम आहे?" आवाज म्हणाला. परक्या बाईशी बोलावं तसा.

मंदाताईंचा चेहरा उतरला. ही सभागृहातली हेमलता होती. हिला विहीणच नव्हती! मग मंदाताईंनी जे केलं ते फक्त भूगोलाच्या शिक्षिकेलाच सुचू शकतं. नकाशा अपुरा आहे म्हटल्यावर त्यांनी तो पुरा केला. लग्नाचं चित्रीकरण मोबाइलमध्ये होतं. सासूबाईंनी पाठवलेले काही आवाजी निरोप तेजलनं कधी कौतुकानं, कधी वैतागून पुढे पाठवले होते. कढीला फोडणी कशी द्यायची, प्रणय आंघोळीला का जात नाही, असले. मंदाताईंनी ते सगळं यंत्राला देऊन टाकलं आणि संत्रं सोलत घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी पेठकर वकील नव्या जोमानं खुर्चीत बसले. सोबत त्यांचा लाडका आलेख होता. कोणत्या तालुक्यानं किती तलाव झाकले, याचे उतरत्या क्रमानं लावलेले खांब. पळसगडचा खांब सगळ्यात उंच, आणि लाल.

"हेमलताताई, दुरुस्तीबद्दल बोलायचं तर या आलेखात..."

"आधी माझ्या विहिणीला विचारा," तालीमबाई म्हणाल्या.

कचेरीत चहाचे कप जागच्या जागी थांबले.

"काय विचारू?" वकिलांनी घाबरून विचारलं.

"हेच, की लोकांना जेवायला बोलावून काट्यावर काहून चढवलं? माझी माणसं उन्हातान्हात आली. हिच्या माणसांनी आग्रह करून करून वाढलं. नको म्हटलं तरी जिलबी, हात आडवा केला तरी भात. आणि मग हिनं खरकटं मोजलं आणि माइकवर सांगितलं, मुलीकडचं दोन किलो, मुलाकडचं एकोणीस! वाढणाऱ्याचं नाव नाही, ताटावाल्याचं नाव. तुमचा हा आलेख पण तसाच आहे, वकीलसाहेब. तराफे टाकायला लावले कोणी? वीज लागते कोणाला? नागपूरला. खांब कोणाचा उंच? माझा. अन् एक सांगू? ज्या यंत्रात बसवून तुम्ही मला रोज छळता न, ते यंत्र कोणत्या तलावाच्या विजेवर चालतं, ते पण लिहा कुठे तरी."

सगळ्यांच्या माना हळूहळू मंदाताईंकडे वळल्या. मंदाताई खिडकीबाहेरच्या कडुनिंबाचं निरीक्षण करत होत्या.

कबुली द्यावीच लागली. हो, हात धुवायच्या जागी वजनकाटा ठेवला होता. हो, आकडे माइकवर सांगितले होते. अन्न वाया घालवू नये याचं लोकशिक्षण म्हणून सांगितले होते. यात चूक काय झाली हे त्यांना त्या दिवशी कळलं नव्हतं आणि वर्षभर कळलं नव्हतं. पडद्यावरच्या आवाजानं सांगितलं तेव्हा मात्र ते एका क्षणात कळलं, आणि कान गरम झाले.

"पण हे याला कसं कळलं?" वकिलांनी विचारलं. "चित्रीकरणात त्या असं काही बोललेल्या नाहीत."

अबरार यंत्राची नोंद पाहत होता. त्याचा चेहरा गंभीर झाला होता. "सभागृहात बोललेल्या आहेत. पाणीवाटपावर, कर्जावर, दुष्काळावर. स्वतःवर टीका झाली की हेमलताताई लगेच उत्तर देतात. पण त्यांच्या माणसांवर कुणी आकडा फेकला की आधी गप्प होतात आणि दुसऱ्या दिवशी एकच विचारतात, वाढलं कोणी? चित्रीकरणात त्या गप्प झाल्या ते माइकवरच्या आकड्यापाशी. यंत्रानं दोन्ही जोडलं." मग तो मंदाताईंकडे वळला. "मॅडम, सभागृहातलं बोलणं सगळ्यांचं असतं. हे घरातलं होतं. मी काढून टाकतोय."

"टाक बाबा," मंदाताई म्हणाल्या. "फक्त एक विचारू दे." त्या पुढे झाल्या. वर्षभराचा प्रश्न होता. "विहीणबाई, साडी आवडली नव्हती का?"

"कोणती साडी?" तालीमबाईंनी विचारलं.

साडीवर हेमलताताई कधी अवाक्षर बोललेल्याच नव्हत्या.

त्या रविवारी तेजल माहेरी आली. मायलेकी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या. मंदाताईंनी चार शेंगा सोलल्या आणि पाचवी हातात घेऊन सगळं सांगून टाकलं. निरोप यंत्राला दिले, सगळ्या कचेरीनं ऐकले, अबरारनं काढून टाकले, आता तुला काय बोलायचं ते बोल.

तेजलनं हातातले सोले, तुरीचे ओले दाणे, खाली ठेवले. तिचा चेहरा पाहून मंदाताईंना वाटलं, ही आता उठते आणि बस धरते. पण पोरगी थरथरायला लागली. मग हसायलाच लागली, इतकी की शेंगांनी भरलेलं सूप कलंडलं.

"आई, तिकडे तू आहेस!"

"कुठे?"

"पळसगडला. आमच्या घरी, टीव्हीच्या बाजूला. सासूबाईंच्या कचेरीनं मंचाच्या लोकांना तोंड द्यायला तुझी नक्कल करून घेतली. तुझी व्याख्यानं, तुझे अर्ज, तुझ्या मुलाखती. सासूबाई सकाळी चहा घेऊन बसतात आणि तू सुरू होतेस."

"मी काय म्हणते?"

"जे म्हणतेस तेच. नळ बंद करा. मागच्या बाजूचा दिवा कशाला चालू आहे? परवा सासूबाई पाण्याच्या टँकरवाल्यावर ओरडल्या, तर तुझ्या वाक्यानं ओरडल्या. नंतर स्वतःच दचकल्या."

मंदाताईंना आधी राग आला, मग जरा बरं वाटलं, आणि मग शंका आली. "पण घरातलं माझं बोलणं त्यांना कुठून मिळालं? नळ बंद करा मी व्याख्यानात म्हणत नाही."

तेजल एक शेंग फार काळजीपूर्वक सोलायला लागली.

"तेजल?"

"तुझे निरोप मी दिले," ती म्हणाली. "मला वाटलं, खरी नाही तर नाही, खोटी आई तरी त्यांच्याशी बोलेल. घरात कुणी तरी बोलायला पाहिजे न गं."

मंदाताईंनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "उद्या मला घेऊन चल."

पळसगडला कापगत्यांच्या ओसरीवर दोन्ही विहिणी समोरासमोर बसल्या तेव्हा मंदाताईंच्या पिशवीत चौदा मुद्दे होते आणि त्या चौदांची तालीमबाईंनी दिलेली चौदा उत्तरं. हेमलताताईंनीही काही कमी तयारी केलेली नव्हती. तेजल आणि प्रणय दारामागे उभे राहिले. लग्न झाल्यापासून एवढा रंगतदार प्रसंग त्यांच्या वाट्याला आलेला नव्हता.

"चहा घेता न?" हेमलताताई म्हणाल्या. "का त्याच्या पाण्याचा पण हिशेब आहे?"

"अर्धा कप," मंदाताई म्हणाल्या.

"निम्म्याहून जास्त भरायचा नाही. माहीत आहे मला."

चहा आला. एक घोट झाला. मग मंदाताईंनी सुरुवात केली. "विहीणबाई, मी विचार केला. तराफे तर लागणारच. तुमच्या तालुक्यात धानाच्या गिरण्या आहेत, पाणी उपसायचे पंप आहेत. उन्हाळ्यात तलावाचं पाणी वाफ होऊन जातं, ते झाकलं तर वाचतं. नागपूरनं फुकट सल्ले द्यायचे आणि पळसगडनं अंधारात बसायचं, हे काही खरं नाही."

हेमलताताईंनी कप खाली ठेवला. "असं कसं म्हणता, ताई? अन् उघडं पाणी नको? ऊन खाली गेलं नाही तर पाण्यातलं गवत, तो चिला, मरतो, मासा वर येऊन तोंड वासतो. शिंगाड्याचं काय करायचं? बदकं येतात दूरदेशाहून, त्यांना काय तुमच्या काचेवर उतरवता?"

"बदकांना मतदान आहे का?"

"सगळं मतदानावर मोजता काय तुम्ही? लाज नाही वाटत?"

"आधी लोकांच्या घरात दिवा लागू दे, मग बदकांचं बघू!"

"दिवे! मागच्या बाजूचा दिवा दिवसा पण चालूच असतो लोकांचा!"

दोघींचे आवाज चढले. दोघींची बोटं एकमेकींच्या नाकासमोर नाचायला लागली. दारामागे प्रणय तेजलच्या कानात म्हणाला, "थांब. आई तुझ्या आईचं बोलून राहिली."

"आणि माझी तुझ्या," तेजल म्हणाली.

ओसरीवरही ते त्याच सुमारास उमगलं. हेमलताताईंचं बोट हवेत थांबलं. त्या मंदाताईंकडे पाहत राहिल्या, मंदाताई त्यांच्याकडे. मग हेमलताताईंचं पोट हलायला लागलं. त्या हसल्या की पोटापासून हसायच्या. सभागृहात हे कधी नोंदलं गेलेलं नव्हतं. मंदाताईंच्या चष्म्यावर वाफ धरली.

"बाप्पा, बाप्पा," हेमलताताई डोळे पुसत म्हणाल्या. "दोन महिने तुमच्याशी भांडून भांडून मी तुमचीच झाली की. सकाळी उठून तुम्ही टोचता. आता नळ टपकला तर मला झोप येत नाही."

"आमच्या यंत्रातलं तुमचं एक वाक्य मला पण झोपू देत नाही," मंदाताई म्हणाल्या. हे चौदा मुद्द्यांत नव्हतं. "वाढलं कोणी. विहीणबाई, वाढलं आम्ही. मांडवात पण आम्हीच, विजेच्या बाबतीत पण आम्हीच. आणि मोजलं मात्र तुमचं ताट."

हेमलताताई एकदम गप्प झाल्या. बाई गप्प झाल्या की पुढे काय होतं, हे अख्ख्या पक्षाला माहीत होतं.

"एकोणीस नव्हतं," त्या शेवटी म्हणाल्या. "त्यात तुमच्या नागपूरच्या मावशीची अख्खी पंगत होती. मी पाहत होती. सोळा असेल."

"सोळा," मंदाताईंनी मान्य केलं. कुणाच्या शब्दावर आकडा बदलण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

मग काम सुरू झालं. आता गंमत अशी की दोघींनाही दोन्ही बाजू पाठ होत्या, त्यामुळे कुणालाच जिंकता येईना. निम्मं पाणी उघडं ठेवावं तर उन्हाळ्यात ते वाफ होऊन जाणार. सगळं झाकावं तर हिवाळ्यात शिंगाडाही नाही आणि बदकंही नाहीत. सोल्यांची भाजी झाली, भाकरी झाली, दोघी हात वाळेपर्यंत पाटावर बसून राहिल्या. अंगणात गेल्या उन्हाळ्यातली एक मोठी चटई गुंडाळून भिंतीला उभी केली होती. हेमलताताईंची नजर तिच्यावर गेली.

"मंदाताई, आपण कुरडया कधी घालतो?"

"होळीनंतर."

"अंगणभर पसरतो. पाय ठेवायला जागा ठेवत नाही. अन् मृग आलं की?"

"आवरतो." मंदाताई सरळ होऊन बसल्या. "अंगण मोकळं करतो."

"मग अंगण अर्धं का पूर्ण, हे भांडण कोणत्या शहाण्यानं लावलं? कधी पसरायचं अन् कधी आवरायचं, एवढंच तर ठरवायचं आहे. तराफे घडीचेच असतात. उन्हाळ्यात पसरवा पूर्ण, पाणीपण वाचेल अन् वीजपण मिळेल. पाऊस पडला की घडी करा."

"पावसाळ्यात माशांची वीण, हिवाळ्यात बदकं आणि शिंगाडा," मंदाताईंचे आकडे धावायला लागले. "आणि विहीणबाई, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो. तराफ्यांवरचे पट्टे घडी करून जरा उभे ठेवले तर थोड्या जागेतही बरंचसं ऊन मिळेल. वीज अगदीच बंद पडणार नाही."

"हे तुमच्या यंत्रानं सांगितलं?"

"नाही. तुमच्या?"

"त्याला कुरडया कुठून माहीत? मी सभागृहात कुरडयांवर कधी बोललीच नाही."

अबरारनं दुसऱ्या दिवशी गणित करून पाहिलं. वर्षाची वीज थोडी कमी भरत होती; वाचलेलं पाणी आणि मासळी धरली तर पळसगडचं पारडं जड राहत होतं. पेठकर वकिलांनी लाल खांबाचा आलेख जड मनानं बाजूला ठेवला आणि दुरुस्तीचा मसुदा लिहिला. नवा आलेख मंदाताईंनी काढला. कोणतं शहर कोणत्या तलावाची वीज वापरतं, याचा. त्यात नागपूरचा खांब कागदाबाहेर जात होता, आणि त्या खांबात मंचाची कचेरी आपल्या हातानं दाखवली होती.

अधिवेशनाच्या दुसऱ्या आठवड्यात विधेयक चर्चेला आलं. मंदाताईंना गॅलरीचा पास मिळाला. अबरार आणि वकील बाहेर, मोबाइलवर कामकाज पाहत. निघण्याआधी अबरारनं सवयीनं तालीमबाईंना विचारलं होतं की आज हेमलताताई काय बोलतील. तालीमबाईंनी विधेयकाच्या बाजूनं झणझणीत भाषण ठोकलं. तराफ्यांची घडी, कुरडया, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं.

खाली हेमलताताई उठल्या. गॅलरीत मंदाताईंनी कठड्याला दोन्ही हातांनी धरलं. एवढ्यात पक्षाचा कुणी एक सदस्य वाकून हेमलताताईंच्या कानाशी लागला. त्यांनी मान हलवली आणि कागद खाली ठेवला. गेलं, मंदाताईंना वाटलं. पक्षानं अडवलं.

"अध्यक्ष महोदय," हेमलताताई कागदाविना बोलायला लागल्या, "माझे सहकारी म्हणतात, समितीनं ठरलेलं आहे, तुम्ही नवीन काही काढू नका. आता समितीची अध्यक्ष मीच आहे, तर मी माझीच परवानगी घेते. अध्यक्ष महोदय, सभागृहात किती सदस्यांनी उन्हाळ्यात कुरडया वाळत घातल्या आहेत?"

सभागृहात कुजबुज झाली. मागच्या बाकावरून कुणी तरी म्हणालं, "खाल्ल्या आहेत!"

"खाणाऱ्यांना अंगण दिसत नाही, हाच तर त्रास आहे," हेमलताताई म्हणाल्या, आणि दोन्ही बाजूंच्या बाकांवर हशा पिकला. त्या हशातच त्यांनी होळी ते मृग पसरणं, मृगानंतर घडी, माशांची वीण, कलता सूर्य, सगळं असं मांडलं की शेजारच्या जिल्ह्याचे विरोधी आमदारही मान डोलवायला लागले. मंत्र्यांनी सचिवांकडे पाहिलं. सचिवांनी चिठ्ठी पाठवली.

"शेवटचं सांगते, अध्यक्ष महोदय. ही अक्कल एकटीची नाही. वर तिसऱ्या रांगेत माझी विहीण बसली आहे. भांडखोर बाई आहे. माझ्या माणसांचं खरकटं मोजणारी. वर्षभर मी तिच्याशी बोलली नाही, अन् ते वर्ष माझं फुकट गेलं. आता तिच्याशी भांडण झालं नाही तर मला चहा गोड लागत नाही."

अध्यक्षांनी घंटा वाजवली. "सन्माननीय सदस्या, गॅलरीतल्या व्यक्तीचा उल्लेख सभागृहात करता येत नाही. तो भाग कामकाजातून काढून टाकण्यात येत आहे."

"काढा न, अध्यक्ष महोदय. जिनं ऐकायचं तिनं ऐकलं."

"हेही काढून टाका," अध्यक्ष म्हणाले, आणि स्वतःच हसले.

मंत्री उठले. दुरुस्ती सरकारला मान्य आहे, एवढंच म्हणून बसले. 'होय'चा आवाज इतका मोठा उठला की 'नाही' कुणी म्हटलं की नाही ते कळलंच नाही. मंदाताईंनी टाळी वाजवली. गॅलरीत टाळ्या वाजवायच्या नसतात. शिपायानं डोळे वटारले; मंदाताईंनी आणखी एकदा वाजवली.

संध्याकाळी मंचाच्या कचेरीत पेढे आले, संत्री तर होतीच. तेजल सासूबाईंना गाडीत घेऊन आईला न्यायला कचेरीकडे निघाली होती. आल्या की लगेच कुणाच्या घरी जेवायचं यावर वाद व्हायचा होता. थेट प्रक्षेपण काही क्षण मागून चालतं, त्यामुळे काढून टाकलेलं बोलणं बाहेर कुणालाच ऐकू आलेलं नव्हतं. मंदाताई आत शिरल्या तेव्हा अबरार त्या दिवसाच्या कामकाजाची प्रत उघडून बसला होता. तालीमबाईंना नवं भाषण द्यायचं होतं.

"मॅडम, शेवटी इथे नुसती टिंबं आहेत. चांगल्या तीन-चार ओळी गेल्यात. तुम्ही आत होतात. काय म्हणाल्या हेमलताताई?"

मंदाताईंनी टिंबांची रांग एकदा नीट पाहिली. मग पेढा उचलला. आयुष्यभर सरकारकडून माहिती मागत आलेल्या बाईंनी तोंड भरलेलं असताना नकारार्थी मान हलवली, आणि खिडकीत जाऊन गाडीची वाट पाहत उभ्या राहिल्या.